मीटबॉलला जर्मनमध्ये काय म्हणायचं

४ ऑगस्ट

मेनोनं माझं नाव देऊन टाकलं. मला न विचारता, भर सभेत, हात वर करून. "माझी बहीण जर्मन बोलते," म्हणाला. "अगदी अस्खलित."

हे तो मला सांगत होता तेव्हा मी त्याच्या मानेवरचे केस कापत होते. हातात कात्री असताना माणसाला असलं काही ऐकवू नये. डाव्या बाजूला चांगली खाच पडली. त्यानं आरशात पाहिली आणि गप्प बसला, यावरून मी ओळखलं की आपण काय केलंय हे त्याला कळतंय.

झालंय असं की त्याच्या कुत्र्यांच्या क्लबची परीक्षा ऑक्टोबरात आहे. परीक्षक थेट जर्मनीहून येणार, ल्यूडेमान नावाचे, जंगलखात्यातले मोठे अधिकारी. दर वर्षी दुभाषीचं काम करणारी बाई मुलीकडे ॲरिझोनाला राहायला गेली. उरले कोण, तर मी, गावातली केस कापणारी अल्विना पेनर.

मला जर्मन येत नाही. आई घरात जी जर्मनच्या जवळची जुनी बोली बोलायची ती येते. तिच्यात पीठ आहे, कोंबड्या आहेत, धुणं आहे आणि रागावणं आहे. पाय पुसून आत ये, असं मी कुणालाही सांगू शकते. कुत्र्याचं नाक किती तिखट आहे, याबद्दल आई कधी काही बोलली नाही.

"तेवढं पुरे," मेनो म्हणाला. "तसंही तो कुत्र्यांशीच बोलणार."

८ ऑगस्ट

लॉनी वाव्रा केस कापायला आला. गेल्या आठवड्यातच कापले होते. त्याच्या डोक्यावर कानांच्या वर दोन झालरी उरल्यात, बाकी सगळं मैदान. तरी हा माणूस नेमानं येतो, खुर्चीत बसतो, गॅसच्या टाक्या पोचवताना कुणाच्या घरी काय पाहिलं ते सांगतो आणि जाताना "झकास झाले" म्हणतो. काही माणसं टापटिपीची फार असतात.

त्याच्या ट्रकमध्ये त्याचा कुत्रा मीटबॉल बसलेला असतो. दाढीवाला, मिशीवाला, तांबूस करडा. मेनोची क्विटीही दाढीवाली, मिशीवाली, तांबूस करडी. दोघंही कवायतीला उभे राहिल्यासारखे तितराच्या वासावर गोठून उभे राहतात, दोघंही पाण्यातून बदक आणतात. पण मेनोची क्विटी 'ड्राटहार' आहे आणि लॉनीचा मीटबॉल 'जर्मन वायरहेअर्ड पॉइंटर' आहे. आणि यावरून हे दोघं शेजारी एकमेकांशी धड बोलत नाहीत.

ड्राट म्हणजे तार, हार म्हणजे केस. एवढं आईच्या बोलीतूनही कळतं. वायर म्हणजे काय आणि हेअर म्हणजे काय हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी एकदा जेवताना मेनोला म्हटलं, अरे, दोन्हींचा अर्थ तारेसारखे केस असाच ना? तो पानावरून उठला आणि त्यानंतर ईस्टरपर्यंत माझ्याशी बोलला नाही.

त्याचं म्हणणं असं, की जर्मन क्लबात कुत्र्याची नुसती नोंद होत नाही. त्याला रानात परीक्षा द्यावी लागते, पाण्यात द्यावी लागते, दात मोजतात, केस तपासतात. यातून जो पास होतो त्यालाच पिल्लं होऊ द्यायची. मग पिल्लांच्या कानात नंबर गोंदतात आणि एका विणीतल्या सगळ्यांची नावं एकाच अक्षरावरून ठेवतात. क्विटी जन्मली तेव्हा क्यू आला होता. तिचं कागदोपत्री नाव क्विट्टे, म्हणजे एक आंबट फळ. तिच्या भावाचं नाव क्वार्क, म्हणजे चक्का.

अमेरिकन नोंदणीत आई-बाप नोंदलेले असले की पिल्लूही नोंदलं जातं. झालं. मेनोच्या मते ही सगळी बजबजपुरी.

लॉनीला विचारलं तर तो म्हणतो, "मीटबॉल बदक आणतो. बदकानं त्याला अजून कागद मागितला नाही."

१५ ऑगस्ट

आज खरं काय ते कळलं. मेनो क्विटीला घेऊन मागच्या दारानं आला, पडदा ओढला आणि म्हणाला, "हात लावून बघ."

मी पाठीवर हात फिरवला. मऊ. कोंबडीच्या पिल्लासारखी मऊ.

"हे तारेसारखे नाहीत," मी म्हटलं.

"मला माहीत आहे."

"हे तर लोकरीसारखे आहेत."

"मला माहीत आहे, अल्विना."

क्विटी हुशार आहे. तिच्यासारखं नाक क्लबात कुणाकडे नाही, असं मेनोचे विरोधकसुद्धा म्हणतात. पण केस असे असले तर तो जर्मन साहेब तिला नापास करणार आणि तिला कधीच पिल्लं होऊ देता येणार नाहीत. त्याची बायको कॅरलीन गेल्यापासून मेनो सकाळी अंथरुणातून उठतो तो या कुत्रीला फिरवायचं असतं म्हणून. क्विटीची एक पोरगी आपल्याकडे असावी, एवढंच त्याला हवंय. तो हे बोलत नाही. तो म्हणतो, "तुझा धंदाच केसांचा आहे. काहीतरी असेल ना."

ही लबाडी आहे असं मी म्हटलं. तो म्हणाला, "मिसेस हॉफरच्या डोक्यावर तू दर शुक्रवारी करतेस ती नाही का लबाडी?"

मिसेस हॉफरचे केस म्हणजे तीन भाग हवा असते.

२९ ऑगस्ट

क्लबाचं तळं आटलं. पाऊसच नाही. बदकांची परीक्षा घ्यायला लव्हाळं असलेलं, पाणी टिकून राहिलेलं पाणथळ या भागात एकच आहे, आणि ते लॉनीच्या जमिनीत आहे.

मेनो स्वतः विचारणार नाही. मला पाठवलं. मी लोणच्याची बरणी घेऊन गेले. लॉनीनं अंगणात खुर्ची मांडली, ती पुसली, मग आत जाऊन दुसरी चांगली आणली, तीही पुसली. सदरा बदलून आला. मी म्हटलं, कुठं बाहेर निघाला होतास का, मी नंतर येते. तो म्हणाला, नाही.

तळं द्यायला तयार आहे. अट एकच. त्या जर्मन साहेबानं मीटबॉललाही एकदा हात लावून बघावं. गुण नकोत, कागद नको. "मला फक्त ऐकायचंय, जिथून हे कुत्रे आले तिथला माणूस काय म्हणतो ते."

मेनोला सांगितलं तर तो अर्धा तास नुसता फेऱ्या मारत होता. शेवटी म्हणाला, "सगळं आटोपल्यावर. आणि त्यानं त्याला ड्राटहार म्हणायचं नाही."

१३ सप्टेंबर

प्रयोग करायला डोकं हवं होतं. क्विटीवर एकदम काही लावायला मन धजेना. लॉनी आला होताच, त्याला विचारलं. का ते सांगितलं नाही. त्यानंही विचारलं नाही. "लाव," म्हणाला आणि डोळे मिटले.

अंड्याचा पांढरा बलक लावला. सुकल्यावर पापुद्रे निघाले. मग साखरेचं पाणी. ते बरं, पण कुरकुरीत होतं. मग आई रविवारच्या प्रार्थनेआधी लावायची तसं, बिअरमध्ये साखर उकळून. हे मात्र नामी. दोन्ही झालरी कानांवर अशा ताठ उभ्या राहिल्या की घुबडच. बोटानं टिचकी मारली तर आवाज येत होता.

बिचारा दुपारभर बसून होता. कंटाळलास का विचारलं तर म्हणाला, "अजून एखादं काही लावून बघायचं असेल तर बघ." तसाच गॅसच्या टाक्या पोचवायला गेला. त्याला इतका मोकळा वेळ कसा मिळतो, देव जाणे.

३ ऑक्टोबर

ल्यूडेमान आले. उंच, वाळकुडे, हिरवी टोपी, चेहऱ्यावर सदानकदा मंद हसू. मी आईच्या बोलीत स्वागताचं वाक्य पाठ केलं होतं. ते म्हटल्यावर त्यांनी टोपी काढली, वाकून नमस्कार केला आणि बूट पायपुसण्यावर घासून घासून पुसले. म्हणजे मी काय म्हणाले असणार ते मला कळलं.

जेवायला कॅफेत नेलं. मेन्यूतलं एकेक वाचून कसं समजावू या विचारानं मला घाम फुटला होता, पण त्यांनी कार्ड पाहिलं आणि चिझलिकवर बोट ठेवलं, शिवाय सॉस वेगळा द्या अशी खूण केली. काडीवरचं तळलेलं मटण त्यांच्याकडेही असणार.

लॉनीही तिथं होता. त्यानं टाकी आणि पाद्रीबाबांचा विनोद सांगितला. ल्यूडेमान खो खो हसले. मी अजून भाषांतराला तोंडसुद्धा उघडलं नव्हतं. जर्मन लोक फार सौजन्यशील असतात, दुसऱ्यानं हसायची वाट पाहत नाहीत.

४ ऑक्टोबर, दुपारी, गाडीत बसून

अजून तरी सगळं ठीक चाललंय. सुचेल तसं लिहून ठेवते.

पहाटे मी आणि मेनोनं क्विटीला बिअर आणि साखर लावली. वाळल्यावर ती साळिंदरासारखी दिसत होती. सकाळी सगळे रानात जमले आणि पहिली तपासणी केसांचीच निघाली. ल्यूडेमान यांनी क्विटीच्या पाठीवर हात ठेवला. हात तिथंच राहिला. मग जरा जोर लावून त्यांनी तो सोडवला, बोटं नाकाशी नेली आणि एकच शब्द उच्चारला: "बीअर."

हा शब्द आमच्यातही आहे. मी सगळ्यांकडे वळून म्हटलं, "साहेबांना बिअर हवी आहे."

सकाळी आठ वाजता. पण पाहुण्याला नाही कसं म्हणणार? लॉनीनं ट्रकमधून डबा आणून दिला. ल्यूडेमान यांनी डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग शांतपणे सगळी प्यायले. माझं हे पहिलं निर्दोष भाषांतर.

मग ते एक लांबलचक वाक्य बोलले. त्यातलं 'केस', 'पाणी' आणि 'पुन्हा' एवढं मला कळलं. मी सांगितलं, "केसांचं ठीक आहे. सगळ्यांनी पुन्हा पुन्हा पाणी पीत राहा." सगळ्यांनी बाटल्या काढल्या. ल्यूडेमान खोकल्याचं निमित्त करून पाठमोरे झाले. त्यांनाही तहान लागली असावी.

रानातली परीक्षा क्विटीनं जिंकली. ऊन पडल्यावर गांधीलमाश्यांना ती फार आवडायला लागली होती, मागे त्यांचा अख्खा थवा घेऊन ती शेतभर फिरत होती. पण गवतात तितर असल्याचा वास आला तशी थांबली ती थांबलीच, एक पाय वर, नाक पुढे. नाकावर गांधीलमाशी येऊन बसली. ती हलली नाही. मेनो जवळ जाऊन तितर उडवेपर्यंत ती हलली नाही. ल्यूडेमान यांनी टोपी काढली. मेनोनं मान खाली घातली आणि बराच वेळ बुटाची नाडी बांधत राहिला. त्या बुटांना नाड्या नाहीत.

आता तळ्यावर जायचंय.

४ ऑक्टोबर, संध्याकाळी

सगळं जसं घडलं तसं लिहिते. मला अजून नीट उमगलेलं नाही.

लव्हाळ्यात बदक ठेवलं होतं. क्विटी पाण्यात शिरली आणि माझी साखर तिच्या मागे पांढऱ्या फेसासारखी तरंगत गेली. मेनो माझ्याकडे बघत होता. मी आकाशाकडे बघत होते. पाणी परीक्षेत आहे हे दोघांनाही महिनाभर माहीत होतं. केस आधी तपासतील, एकदाच तपासतील, एवढ्या भरवशावर आम्ही होतो.

तेवढ्यात मीटबॉलनं बदकाचा आवाज ऐकला. ट्रकची काच अर्धी उघडी होती, त्यातून तो बाहेर पडला आणि थेट तळ्यात. लॉनी ओरडतोय, मेनो शिट्टी फुंकतोय, लव्हाळं नुसतं हलतंय. बऱ्याच वेळानं दोघंही बाहेर आली. एका बाजूनं क्विटीनं धरलेलं, दुसऱ्या बाजूनं मीटबॉलनं, मध्ये बदक. नाकापासून शेपटीपर्यंत दोघं काळी चिखलाची. काठावर मीटबॉलला शिंक आली, बदक सुटलं. क्विटीनं ते नेऊन मेनोच्या पुढ्यात बसून त्याच्या हातात दिलं, पुस्तकात लिहिलंय अगदी तसं.

मीटबॉल मात्र ल्यूडेमान यांच्यासमोर जाऊन बसला. हिरव्या टोपीवाल्याकडे बिस्किट असणार असा त्याचा हिशेब.

ल्यूडेमान वाकले. त्याच्या पाठीवर उलटा हात फिरवला, केस विंचरून बाजूला केले, मुळाशी पाहिलं, दाढी ओढून पाहिली. आणि बोलले. या वेळी मला प्रत्येक शब्द कळला. "कडक," मी सांगितलं. "दाट. पाणी धरत नाहीत. उत्तम. फार वर्षांत इतके चांगले पाहिले नाहीत."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं ही क्विटीच.

आम्हा तिघांनाच खरं माहीत होतं. लॉनीनं माझ्याकडे पाहिलं, मग तळ्याकडे पाहिलं, आणि तोंड घट्ट मिटलं. तो बोलणार नव्हता. आयुष्यभर ज्या कौतुकासाठी तो मेनोशी भांडला ते आत्ता त्याच्या कुत्र्याला मिळालं होतं, आणि तो ते मेनोला देऊन टाकायला तयार होता. का, हे मला कळलं नाही. मेनोसाठी तर नक्कीच नाही.

मेनो बदक हातात धरून उभा होता. क्विटी त्याच्या पायामागे, चिखल गळून मऊ मऊ केस दिसायला लागले होते. नुसतं गप्प राहिलं असतं तर झालं असतं. कॅरलीन गेली त्या दिवशी त्याचा चेहरा असा झाला होता.

मग तो म्हणाला, "हा माझा नाही. अल्विना, त्यांना सांग. हा लॉनीचा वायरहेअर आहे. माझी ड्राटहार ही इथं आहे."

मी ल्यूडेमान यांच्याकडे वळले. आता 'वायरहेअर'ला जर्मनमध्ये काय म्हणायचं? तार म्हणजे ड्राट. केस म्हणजे हार. मी म्हटलं, "हा मेनोचा ड्राटहार नाही. हा लॉनीचा ड्राटहार आहे."

क्लबातल्या सगळ्यांच्या माना एकदम माझ्याकडे वळल्या.

"ड्राटहार नाही!" मेनो ओरडला. "वायरहेअर!"

"तेच तर सांगितलं."

"तू ड्राटहार म्हणालीस. सगळ्यांनी ऐकलं."

"मग जर्मनमध्ये दुसरं काय म्हणू? तूच सांग शब्द."

क्लबाचे अध्यक्ष पुढे आले, चिटणीस पुढे आले. कुणी म्हणालं जर्मन उच्चारात वायरहेअर म्हणा, कुणी म्हणालं 'अमेरिकन तारेचा कुत्रा' म्हणा. लॉनी एका बाजूला उभा राहून हसत होता, आवाज न करता, नुसते खांदे हलवत.

"राहू द्या," ल्यूडेमान म्हणाले. "मला समजलं."

हे ते इंग्रजीत म्हणाले. स्वच्छ, मिनेसोटाच्या धाटणीच्या इंग्रजीत. तरुणपणी ते तिथं वनविद्या शिकायला होते.

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. बिअर आठवली. पाणी पीत राहा आठवलं.

"इंग्रजी येतं हे कळलं की लोक गुणांवरून हुज्जत घालतात," ते मला म्हणाले. "म्हणून मी दुभाषी मागून घेतो. पण बाई, इतकी मजा मला कुणी आणली नाही. मी बोलत होतो त्यापेक्षा तुमचं चांगलं होतं."

मग त्यांनी निकाल दिला. रानात क्विटीला पैकीच्या पैकी. पाण्यातही. केसांत नापास, म्हणून तिला पिल्लं होऊ द्यायची परवानगी नाही. मीटबॉलबद्दल म्हणाले, "याचे केस विद्यार्थ्यांना दाखवावेत असे आहेत. पण आमच्या नोंदीत हा कुत्रा जन्मलाच नाही."

"जन्मला की," लॉनी म्हणाला. "माझ्या गॅरेजमध्ये. मी तिथंच होतो."

मेनो खाली मान घालून म्हणाला, "सकाळी तिच्या अंगाला जे लावलं होतं—"

"कुत्रीच्या अंगावरची पाण्यात गेली," ल्यूडेमान म्हणाले, "आणि डब्यातली मी प्यायलो. आता सांगायला काही उरलंय असं मला वाटत नाही."

निघताना त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तो मीटबॉलचा मालक तुमच्याकडे केस कापायला येतो म्हणे?"

"दर आठवड्याला."

"त्याला केस नाहीत."

मी म्हटलं, आहेत, बाजूला थोडे आहेत. त्यांनी परत टोपी काढली. ही माणसं टोपी फार काढतात.

७ ऑक्टोबर

मेनो दार उघडत नाही. खिडकीतून दिसतो, खुर्चीत बसलेला, क्विटी पायांवर. मी रस्सा आणि पाव पायरीवर ठेवून आले. संध्याकाळी भांडं रिकामं होतं, पण ते चाटल्यासारखं स्वच्छ होतं, त्यामुळे कुणी खाल्लं ते सांगता येत नाही.

मला वाईट वाटतंय. खरं बोलल्याबद्दल माणसाला काहीतरी मिळायला हवं असं वाटत राहतं. मिळत नाही.

१० ऑक्टोबर

लॉनी मेनोकडे गेला होता. मी पाठवलं नव्हतं. तो म्हणतो, दार वाजवून नुसतं म्हणालो, "तुझ्या ड्राटहारला फिरायला न्यायचंय का? माझ्या तळ्याकडे बदकं उतरलीत."

एरवी तो क्विटीलाही वायरहेअरच म्हणतो, आज म्हणाला नाही. मेनोनं दार उघडलं.

१९ ऑक्टोबर

तितरांचा हंगाम उघडला. दोघं एकत्र गेले, दोन्ही कुत्री बरोबर. परत आल्यावर कॅफेत मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर होते.

"तुझा कुत्रा माझ्या कुत्रीचं बघून उभा राहतो," मेनो म्हणत होता. "स्वतःचं नाक वापरत नाही."

"हुशार आहे. फुकटचं नाक मिळतंय तर स्वतःचं कशाला झिजवायचं?"

"हेच ते. नोंदणीचा परिणाम."

भांडण जसंच्या तसं आहे, फक्त आता एकाच टेबलावर बसून चालतं. ल्यूडेमान यांनी जाताना मेनोला सांगितलं होतं की क्विटीचा भाऊ क्वार्क मिनेसोटात सगळ्या परीक्षा पास झालाय, केसांसकट. वसंतात त्याची पिल्लं होतील. मेनोनं त्यातल्या एका पिल्लासाठी नाव नोंदवलंय. म्हणाला, "पोरगी नाही तर भाची." मग पाव तोडत राहिला. लॉनीनं त्याच्या कपात कॉफी ओतली आणि विषय बदलला.

१ नोव्हेंबर

आज दुपारी लॉनी खुर्चीत होता आणि मेनो आपल्या पाळीची वाट बघत मासिक चाळत होता. मी लॉनीच्या उजव्या झालरीवर होते. तो जरा अवघडल्यासारखा वाटला.

"अल्विना," म्हणाला, "माझ्या घराचं तळघर कोरडं आहे."

मी म्हटलं, छान. सगळ्यांचं नसतं.

"दक्षिणेकडची खोली रिकामीच असते. उजेड चांगला येतो. तिथं मोठा आरसा लावता येईल."

"तुला मोठा आरसा कशाला? तुझं लहानशा आरशात भागतं."

त्यानं गळ्याभोवतीचं कापड सारखं केलं. मग म्हणाला, "रस्त्याला लागून आहे. बायकांना गाड्या लावायलाही जागा आहे."

मी विचारलं, कुठल्या बायका?

मेनोनं मासिक गुडघ्यावर ठेवलं. "लॉनी, थांब. तिला असं कळत नाही. मी सांगतो." मग माझ्याकडे बघून, एकेक शब्द सुटा करत, मी तळ्यावर बोलत होते तसा, म्हणाला, "हा म्हणतोय, माझ्याशी लग्न कर, आणि तुझं दुकान माझ्या घरी हलव. हेच तो दोन वर्षं म्हणतोय. केस कापून घेत."

मी आरशात लॉनीकडे पाहिलं. टक्कल लाल झालं होतं, कान तर विचारूच नका.

"असं म्हणतोयस तू?"

"भाषांतर बरोबर आहे," लॉनी म्हणाला.

मी म्हटलं, मिसेस हॉफर शुक्रवारी येतात, त्यांना एवढं लांब जमेल का ते बघायला हवं, सामान हलवायला ट्रक लागेल, ड्रायरला वेगळी तार ओढावी लागेल, आणि हे सगळं बर्फ पडायच्या आत करायचं तर आत्ताच लागायला हवं, आणि मीटबॉल सोफ्यावर झोपत असेल तर ते मला चालणार नाही.

लॉनीनं गोंधळून मेनोकडे पाहिलं.

मेनोनं मासिक पुन्हा उघडलं. "हो म्हणाली," त्यानं सांगितलं.

मी चूक काढायला तोंड उघडलं, पण त्यात चूक नव्हती.